अनध्यायाच्या दिवशी उडालेलं विमान

फ्लाइंग क्लबात किस्से का साठतात ते आधी सांगतो. आभाळ मोकळं असलं की विमान उडतं, उतरतं आणि लॉगबुकात एक ओळ पडते. विषय संपला. किस्सा होतो तो न उडालेल्या दिवशी. आभाळ भरलेलं, विमान आत, आणि आम्ही हँगरच्या दारात खुर्च्या टाकून, हातात कुल्हडातला चहा. अशा दुपारी बनारसात वैशाखापासून भाद्रपदापर्यंत पाहिजे तेवढ्या मिळतात.

मी त्या क्लबात मेंटेनन्स इंजिनिअर होतो. म्हणजे विमान उडायला फिट आहे अशी सही करणारा माणूस. क्लब गंगेपलीकडे, घर अलीकडे, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. आम्ही काशीचे मराठी, माझी चौथी पिढी. वडील, म्हणजे अण्णा, वैदिक. घरच्याच ओसरीवर त्यांची पाठशाळा भरायची. रोज सकाळी नावेने पार जायचं, पुढे सायकल, संध्याकाळी तसंच परत.

जुनी मंडळी भेटली की म्हणतात, "सदू, ते विजेचं सांग." विजेचा किस्सा एक नाही, पाच-सहा आहेत, आणि सगळे एकाच विमानाचे. पहिले दोन-तीन ऐकताना लोक हसतात. नंतर हसायचे थांबतात, कारण माझंच तोंड उतरतं.

* * *

नव्वदीच्या सुरुवातीला क्लबाकडे दोन सीटचं नवं विमान आलं. मोठमोठ्या खोक्यांतून, सुटं. तोवर आमच्याकडे जुनी पत्र्याची विमानं होती. हे पांढरंशुभ्र, गुळगुळीत, काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून बनवलेलं. सगळे त्याला फायबर म्हणायचे.

आमचे चीफ इन्स्ट्रक्टर मिश्राजी. वायुदलातून निवृत्त झालेले, तोंडात सदैव पान. त्यांनी पंखावर टकटक केलं, कान लावला आणि निकाल दिला, "ई त छत वाली टंकी है." झालं. त्या दिवसापासून विमानाचं नाव टंकी. रजिस्ट्रेशनची अक्षरं कागदावरच राहिली.

जोडणीचं काम माझ्याकडे, म्हणून मॅन्युअलही मीच वाचलं. त्यात चौकटीत एक ओळ होती. या विमानाला विजेपासून कसलंही संरक्षण नाही, गडगडाटी ढगांच्या आसपास उडवू नये. मिश्राजींनी विचारलं, जुन्या विमानांत आणि हिच्यात एवढा काय फरक?

मी समजावलं. पत्र्याच्या विमानावर वीज पडली तर ती पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर वाहते आणि शेपटीकडून सुटते. आतला माणूस दचकतो, बहुतेक वेळा तेवढंच. फायबरमधून वीज वाहत नाही. मग ती आतलं धातूचं काहीतरी शोधते. पंखातले अॅल्युमिनियमचे रॉड थेट कॉकपिटातल्या दांडीपर्यंत येतात. ती वाट तिला सापडली, की मधलं फायबर फोडून ती आत शिरणार.

मिश्राजी चघळायचे थांबले. "मतलब वो मेरा हाथ ढूँढ़ेगी?"

"हाथ नहीं, हाथ में जो डंडी है, वो," मी म्हटलं. "हाथ बीच में आएगा."

मिश्राजींनी अर्धं पान थुंकलेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

* * *

मग आम्ही नियम केला. गडगडाट कानावर आला की टंकी आत. ढग किती लांब, वारा कुठला, यावर चर्चा नाही. ऐकू आलं म्हणजे आलं.

घरी जेवताना मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. अण्णांनी आमटी ओरपली आणि म्हणाले, "यात नवं काय? गर्जना झाली की अनध्याय."

खरंच होतं ते. अनध्याय म्हणजे वेदपाठ बंद. आभाळ गरजलं की गुरूने म्हणायचं नाही, शिष्यांनी म्हणायचं नाही. पुष्कळ घरांत हे आता पंचांगापुरतं उरलं आहे, पण आमच्याकडे ते अक्षरशः पाळलं जायचं. नित्याची संध्या तेवढी सुटायची नाही. बाकी दिवसभर अण्णांच्या तोंडून एक स्वर निघायचा नाही. पाठशाळेतले विद्यार्थी पश्चिमेकडे आशेने बघत बसायचे आणि ढगाने दगा दिला की हिरमुसायचे.

माझी धाकटी बहीण शैला. तेवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, आणि तिला पायलट व्हायचं होतं. घरात सहा महिने अबोला चालला. अण्णा तिच्याशी बोलत नव्हते, ती जेवणाशी बोलत नव्हती, आणि आई दोघांशी माझ्यामार्फत बोलायची. शेवटी एके दिवशी अण्णांनी मला समोर बसवलं.

"शिकू दे तिला," ते म्हणाले. "पण गर्जना झाली की ती वर जाणार नाही. हा शब्द मला तुझ्याकडून हवा."

"तिच्याकडून घ्या की."

"ती देईल आणि विसरेल. तू सही करणारा माणूस आहेस."

मी शब्द दिला. विचारही करावा लागला नाही, कारण क्लबाचा नियम नेमका तोच होता. आपला मुलगा काहीतरी शहाणपणाचं काम करतो असं अण्णांना आयुष्यात बहुधा त्याच दिवशी वाटलं असावं. मला फार बरं वाटलं होतं.

* * *

नियम किती खरा आहे ते त्याच ज्येष्ठात कळलं.

दुपारी पश्चिमेला धूळ उठली आणि पाठोपाठ गुरगुर ऐकू आली. मिश्राजी आणि मी टंकी ढकलत हँगरकडे निघालो. फायबरचं विमान हलकं, दोन माणसांत सहज सरकतं. आम्ही दारापासून वीसेक पावलांवर असताना सगळं पांढरं झालं. आवाज आला की नाही ते मला आठवत नाही. मी जमिनीवर बसलेला होतो आणि मिश्राजी पंखाखाली, उकिडवे.

धावपट्टीच्या कडेला आमचा विंडसॉक होता. लोखंडी खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. खांब जागेवर होता, वरचं लोखंडी कडंही होतं. पिशवी नव्हती. खांबाच्या बुडाशी गवत गोल जळलं होतं, आणि तो खांब आमच्यापासून शंभर पावलंसुद्धा लांब नव्हता.

आम्ही टंकी आत घेतली, दार लावलं. मिश्राजींनी शांतपणे रोजचं हवामान रजिस्टर ओढलं आणि नोंद केली. तापमान लिहिलं, ढग लिहिले. "हवा की दिशा" या रकान्यात जरा थांबले आणि लिहिलं, "अज्ञात".

ते पान वरिष्ठ कार्यालयात गेलं आणि तिथून खुलासा मागवणारं पत्र आलं. मिश्राजींनी खुलाशादाखल जळकं कडं पार्सल करून पाठवलं. पुन्हा कोणी विचारलं नाही.

* * *

पुढचा किस्सा हातमोज्यांचा. श्रावणातला दिवस होता. शैला आणि मिश्राजी टंकी घेऊन वर गेलेले. आभाळात एकच मोठा ढग, तोही लांब. गडगडाट मुळीच नव्हता, म्हणजे नियमाप्रमाणे सगळं ठीक.

दोघं उतरले. शैलाच्या वेणीबाहेरचे केस ताठ उभे. ती म्हणाली, "दादा, आधी रेडिओ चर्रचर्र करायला लागला. मग ओढणी अंगाला चिकटली. मग दांडीला हात लावला तर कच्चकन चावल्यासारखं झालं." मिश्राजींनी तेवढ्यात विमानाचं तोंड वळवून ते ढगापासून लांब नेलं होतं. पडायच्या आधी विजेने वाट चाचपून बघितल्यासारखं होतं ते.

दुसऱ्या दिवशी मिश्राजी बिजलीवाल्या लाइनमनचे जाड रबरी हातमोजे घालून आले. मी म्हटलं, हातमोज्याने घरातला करंट अडेल, आभाळातला नाही. ते ऐकेनात. त्यांनी ते घालून टंकी उडवली. पण त्या जाड रबरातून दांडीचा अंदाजच येईना, त्यामुळे उतरताना टंकीने धावपट्टीवर तीन उड्या मारल्या.

मिश्राजी कंबर धरून खाली आले आणि मोजे काढून माझ्या हातात दिले. "हाथ बच गया," ते म्हणाले. "कमर गई."

* * *

आता अन्सारी चाचा. मदनपुऱ्याचे विणकर, पासष्टीचे, बोटं अजून सुरेख चालणारी. मिश्राजींच्या मुलीचं लग्न ठरलं होतं म्हणून साड्यांचे नमुने घेऊन थेट हँगरमध्ये आले. साड्या बाजूलाच राहिल्या. मी टंकीच्या पोटाखालचं एक झाकण घासून ठेवलं होतं, तिथे रंगाखालचं कापड उघडं दिसत होतं. चाचांनी त्यावर बोट फिरवलं.

"भइया, ये तो बुना हुआ है. ताना-बाना साफ़ दिख रहा है."

विमान विणलेलं असतं हे ऐकून त्यांना झालेला आनंद मी विसरलेलो नाही. मग गप्पा निघाल्या. मी सांगितलं की बाहेरच्या देशांत मोठ्या फायबर विमानांच्या रंगाखाली तांब्याची बारीक जाळी बसवतात. वीज जाळीवरून वाहते आणि आत शिरत नाही. आपल्याकडे ती मिळत नाही.

चाचा म्हणाले, "जाली? बस जाली? वो तो हम बुन देंगे."

आठ दिवसांनी त्यांनी हाताएवढा तुकडा आणला. उभा ताणा तांब्याचा, आडवा बाणा तांब्याचा, केसासारख्या बारीक तारेचा. मी मीटरच्या दोन्ही सुया त्याच्या दोन टोकांना लावल्या. मीटर पीं करून वाजला. वीज इकडून तिकडे जाते आहे, असा त्याचा अर्थ. मिश्राजींनी चाचांना मिठी मारली.

खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. विमानात असा बदल करायचा तर वरून मंजुरी लागते, चाचण्या लागतात. मला ते पाठ होतं. पण मला ती कच्चकन चावणारी दांडी दिसत होती आणि तिच्यावर माझ्या बहिणीचा हात. भीती वाटली की माणूस काहीतरी करून टाकतो, आणि केलं म्हणजे भीती गेली असं समजतो.

* * *

दोन महिन्यांनी जाळीचे ठाण, म्हणजे तागे, आले. दोन्ही पंखांना पुरतील एवढे. उन्हात धरले तर तांबूस झळाळत होते, मध्ये फुलांच्या नाजूक बुट्या आणि दोन्ही कडांना बोटभर किनार. मी म्हटलं, चाचा, बुट्या कशाला? ते लाजले. "आदत है, भइया."

मी ठाण टेबलावर पसरला आणि मीटर लावला. एक सुई या टोकाला, एक त्या टोकाला. जिथे हात सहज पोचला तिथे, म्हणजे किनारीवर. मीटर पीं करून वाजला. दुसरा ठाण, तसाच. पीं. मी मान हलवली.

पंधरा दिवस टंकी आतच होती. आम्ही कापड पंखांवर बसवलं, वर रेझिन, वर रंग. एक लहानसा उरलेला तुकडा मी ड्रॉवरमध्ये ठेवला. काम संपल्यावर रजिस्टरमध्ये मी सही केली. ती सही माझी, मिश्राजींची नाही, चाचांची तर मुळीच नाही. हे मी प्रत्येक वेळी सांगतो, कारण ऐकणारे लगेच चाचांवर घसरतात.

आणि नियम सैल झाला. कसा झाला ते सांगता येत नाही, कोणी ठराव केला नाही. आधी गडगडाट ऐकू आला की आत. मग, फार लांबचा असेल तर चालेल. मग, सकाळी झालेला असेल आणि आता थांबला असेल तर काय हरकत आहे. मिश्राजी म्हणायचे, "अब तो बनारसी पहने है." मी हसायचो. अण्णांना मी यातलं काही सांगितलं नाही.

* * *

लोक जो ऐकायला येतात तो हा.

पुढच्या वर्षीचा वैशाख. शैलाचं लायसन्स एका उड्डाणावर अडलेलं होतं. एकटीने मिर्झापूरपर्यंत जायचं आणि परत यायचं. त्या दिवशी पहाटे पश्चिमेला दोनदा गरजलं आणि थांबलं. आठ वाजता ऊन पडलं. साडेनऊला शैला टंकी घेऊन उडाली. मी सही केली होती.

दहाच्या सुमाराला हँगरच्या दारात अण्णा उभे. धोतर, उपरणं, हातात छत्री. इतक्या महिन्यांत ते एकदाही गंगा ओलांडून आले नव्हते. मी धावत जाऊन खुर्ची दिली आणि विचारलं, आज कसे काय?

"पहाटे गर्जना झाली ना. अनध्याय," ते म्हणाले. "मुलांना सुट्टी दिली. म्हटलं रिकामा वेळ आहे, शैलाचं विमान बघून यावं. उडत नसलं तरी बघायला हरकत नाही."

त्यांनी आत बघितलं, रिकामी जागा बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"आमची पाठशाळा बंद, आणि तुमचं विमान चालू?"

मी शब्द मोडला होता आणि तो मोडलेला त्यांना दिसत होता. लाजेने कान गरम झाले. मग मी घाईघाईने जाळीचं सांगायला लागलो. ड्रॉवरमधला तुकडा काढला, मीटर काढला, त्यांच्या शेजारी बसलो. आता भीती नाही अण्णा, हे बघा, सगळं तांबं आहे. तुकडा त्यांच्या हातात दिला.

अण्णांनी तो अंगठा आणि बोटात धरून चोळला. रोज सोवळं नेसणारा माणूस, पन्नास वर्षांची सवय.

"सदू," ते म्हणाले, "हे रेशीम आहे."

मी मीटर लावला. किनारीवर लावला, तो वाजला. सुया मधल्या कापडावर ठेवल्या. काहीच नाही. एका बुटीवर एक, दुसऱ्या बुटीवर दुसरी. काहीच नाही. प्रत्येक बुटी वेगळी होती आणि मध्ये सगळीकडे तांब्याच्या रंगात रंगवलेलं रेशीम. त्या पंखांवर जाळी नव्हतीच. तुटक तुटक तांबं होतं, विजेला बोलवायला पुरेसं आणि पलीकडे न्यायला निरुपयोगी.

तेवढ्यात पश्चिमेला गरजलं.

मिश्राजी रेडिओवर होते. मी त्यांना तुकडा दाखवला, दोन वाक्यांत सांगितलं. शैला मिर्झापूरहून परत फिरली होती, चुनारच्या अलीकडे होती, आणि तिच्या डाव्या हाताला ढग चढत होता. ती सरळ आली तर त्याच्या कडेकडेने येणार, कारण आम्हीच तिला शिकवलं होतं की आता कडेने आलं तर चालतं.

मिश्राजींनी माइक माझ्या हातात दिला. रेडिओवर मराठी बोलायची पद्धत नाही. मी मराठीतच बोललो.

"शैला, जाळी चालत नाही. ती जाळी नाहीच. माझी चूक झाली. ढगापासून लांब राहा."

थोडा वेळ नुसती खरखर. मग तिचा आवाज, जेवायला ये म्हटल्यावर उत्तर द्यावं तसा. "ठीक आहे, दादा. दक्षिणेकडून वळसा घालून रेतीवरून येते. पेट्रोल पुरेल."

"अण्णा आलेत," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

"अरे बाप रे," ती म्हणाली, आणि नंतर रेडिओत खरखरीशिवाय काही राहिलं नाही.

आम्ही तिघं दारात उभे राहिलो, मिश्राजी माइकची वायर तिथवर ओढून. वीज चमकली की अण्णा बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत मोजायचे, गर्जना झाली की थांबायचे. त्यांचं मोजणं घड्याळासारखं. पहिल्यांदा बावीस आले. मी मनात तीनने भागाकार केला, सात किलोमीटर. मग सोळा. धूळ धावपट्टीवर आली आणि नवा विंडसॉक आडवा झाला. मग नऊ. मिश्राजी तिचं नाव घेऊन रेडिओवर हाका मारत होते आणि पलीकडून काही येत नव्हतं.

दक्षिणेकडे, रेतीच्या वर, मला एक पांढरा ठिपका दिसला. तो दिसला आणि त्याच क्षणी त्याच्या मागचं आभाळ उजळलं. अण्णांचा अंगठा पहिल्या पेरावरून हललाच नाही. आवाज त्याच क्षणी आला होता. डोळ्यांसमोर नुसता पांढरा डाग राहिला, आणि त्यात ठिपका होता की नव्हता ते कळेना.

गर्जना पत्र्यांतून घुमत होती. आणि तिच्यातून मला दुसरा एक आवाज ऐकू आला. माझ्या शेजारी अण्णा वेद म्हणत होते. पुटपुटत नव्हते, जप करत नव्हते. पाठशाळेत मुलांना संथा देतात तसं, खड्या आवाजात, स्वरांसकट, हात वरखाली करत. पुन्हा चमकलं, पुन्हा गरजलं. ते थांबले नाहीत.

टंकी धुळीतून बाहेर आली ती थेट धावपट्टीच्या टोकावर, जरा तिरकी, आणि टेकली. मिश्राजी धावले. मी धावलो. अण्णा दारातच होते, म्हणत.

शैलाने इंजिन बंद केलं तरी तिचा उजवा हात दांडीवरच होता. मी तो एकेक बोट करून सोडवला. मुंग्या आल्यात, एवढंच ती म्हणाली. मग तिने मला एक शिवी दिली, ती मी इथे सांगत नाही, आणि मग आम्ही दोघंही रडलो.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. अन्सारी चाचा दुसऱ्या दिवशी आले, तुकडा हातात घेऊन खाली बसले. लांब ठाणात तांब्याचा ताणा मागावर तुटत होता, म्हणून त्यांनी ज़मीन, म्हणजे मूळ कापड, रेशमाची घेतली, रंग असा जुळवला की कळू नये. आणि नुसती जाळी त्यांना भद्दी वाटली होती. विजेचं गणित मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. नुसती "जाली" म्हटलं होतं. आम्ही पंख घासून सगळं काढलं, मी वर लेखी कळवलं, मला मिळायचा तो मेमो मिळाला. नियम पुन्हा जुना झाला, ऐकू आलं की आत.

घासताना उजव्या पंखाच्या टोकाला एक बुटी काळी झालेली सापडली. एकच. शेजारची जशीच्या तशी चमकत होती. वीज तिथे आली होती हे दिसत होतं. तिथून कुठे गेली ते मला आणि मिश्राजींना शोधून सापडलं नाही.

पण मी त्या संध्याकाळबद्दल सांगत होतो. आभाळ निवळल्यावर आम्ही तिघं नावेने परत निघालो. शैला पुढे बसून उजवा हात पाण्यात सोडून होती. अण्णा माझ्यासमोर, छत्री मांडीवर आडवी. मला ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी शब्दाचा विषय काढलाच नाही. निम्मी गंगा पार झाली तसं मला राहवेना.

"अण्णा," मी हळूच विचारलं, "आज अनध्याय होता ना?"

अण्णा शैलाच्या पाण्यातल्या हाताकडे बघत होते.

"होता," ते म्हणाले.